नवी बॅटरी दोन आठवड्यांत उतरली. आता डायनॅमो, वायरिंग, मॉड्यूल सगळंच बदलायचं का?

प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षांची पेट्रोल गाडी. महिन्यापूर्वी एका सकाळी सेल्फ घेईना, म्हणून नवी बॅटरी टाकली. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. नंतर एकदा चालत्या गाडीत डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले. आता गॅरेजने डायनॅमो (चालत्या इंजिनवर बॅटरी भरणारा), अख्खं वायरिंग हार्नेस (गाडीभरच्या वायरींचा जुडगा) आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, लॉक, काचा सांभाळणारा छोटा कंप्युटर) अशा तिन्ही गोष्टी बदलायचं एस्टिमेट दिलंय. आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आहे. काम करायचं की गाडी विकून मोकळं व्हायचं?

उत्तराआधी मला काय खटकलं ते सांगतो. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंय, त्यात भागांची नावं तीन आहेत आणि व्होल्टचा आकडा एकही नाही. जुनी बॅटरी खरंच गेली होती का, हे कुणी तपासलं? नवी टाकल्यावर डायनॅमो किती चार्जिंग देतोय, हे पाहिलं? बंद गाडी रात्रभरात किती करंट खाते, हे मोजलं? तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे तुम्हाला कुणी सांगितलंही नसावं. दुखणं अजून सापडलेलं नाही आणि औषधांची यादी मात्र तयार आहे. करायचं की विकायचं हे ठरवायला लागणारी माहितीच तुमच्या हातात आलेली नाही.

तीन भाग एकदम जात नाहीत असं नाही. गाडीत पाणी शिरलं असेल, उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील, किंवा दुसऱ्या बॅटरीवरून जंप देताना केबल उलट्या लागल्या असतील, तर असं होतं. उलट केबल लागली की डायनॅमोचे डायोड आणि मुख्य फ्यूज क्षणात जातात, आणि मॉड्यूलचं काय होईल ते नशिबावर. तेव्हा आधी आठवून पाहा: पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा जंप कुणी दिला होता? अलीकडे काही नवीन बसवून घेतलंय का? कॅमेरा, ट्रॅकर, जास्त वॅटचे दिवे, मोठा हॉर्न? गाडी रोज किती चालते? कारण रोज पाच मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि त्यात दोष कुणाचाच नसतो. यातलं काहीच नसेल, तर माझ्या अनुभवात एकच बिघाड तीन ठिकाणी तोंड दाखवत असतो.

मी गाडी हातात घेतल्यावर सगळ्यात आधी तीन आकडे घेतो. साधा डिजिटल मल्टिमीटर असेल तर तुम्हालाही घरी घेता येतील.

पहिला आकडा सकाळी, गाडीला हात लावायच्या आधी, थेट बॅटरीच्या दोन टर्मिनलवर. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, आणि १२ च्या खाली असेल तर जवळजवळ उतरलेली. वाचताना फरक चिमूटभर वाटतो, पण बारा व्होल्टच्या बॅटरीत सगळा खेळ त्या अर्ध्या-पाऊण व्होल्टातच असतो. नुकती चालवून आणलेली गाडी मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला येतो.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. आकडा खाली जाणारच, पण ९.६ च्या खाली जाऊ नये. सकाळी १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फच्या वेळी ८ वर आदळत असेल, तर ती आतून गेली आहे. वरचा आकडा फक्त दिखाऊ होता.

तिसरा आकडा इंजिन चालू असताना: १३.८ ते १४.७ च्या दरम्यान हवा. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं चालू करून पुन्हा बघा. आकडा १३ च्या खाली घसरत गेला तर चार्जिंगची बाजू कमजोर आहे. एक अपवाद आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत डायनॅमो किती चार्जिंग देईल हे कंप्युटर ठरवतो, आणि इंधन वाचवायला तो मधूनच चार्जिंग मुद्दाम कमी करतो. अशा गाडीत एखाद्या क्षणी १२.८ दिसलं म्हणून डायनॅमो गेला असं म्हणता येत नाही. चांगले डायनॅमो याच कारणाने बदललेले मी पाहिलेत.

आता तुम्ही सांगितलेल्या लक्षणांकडे येतो. सगळे दिवे एकदम पेटले की माणूस घाबरतो. एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, इंजिन, सगळं एकाच वेळी गेलं असं वाटतं. प्रत्यक्षात त्या सगळ्या मॉड्यूलना चालायला ठरावीक व्होल्टेज लागतं. ते खाली आलं की प्रत्येक जण आपापली तक्रार नोंदवतो. इलेक्ट्रिक स्टिअरिंग तर एका झटक्यात कित्येक अँपिअर ओढतं, त्यामुळे बहुधा तेच आधी ओरडतं. म्हणून अशा वेळी मी मॉड्यूलकडे शेवटी जातो. आधी बघतो ते चार्जिंग आणि अर्थिंग, म्हणजे इंजिन-बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारी वाट.

तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच भागातून येऊ शकतात, तो म्हणजे डायनॅमोचे डायोड. डायनॅमोच्या आत तयार होणारा करंट एसी असतो, डायोड त्याचा डीसी करतात. एखादा डायोड खराब झाला की दिवसा चार्जिंग कमी पडतं, आणि तो गळका असेल तर रात्री बॅटरीतला करंट उलटा डायनॅमोत झिरपत राहतो. म्हणजे चालत्या गाडीत दिवे पेटणं आणि सकाळी सेल्फ न घेणं, दोन्ही त्याच्याच खात्यावर. ओळखायच्या दोन युक्त्या आहेत. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावा आणि बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोडवर संशय घ्या. दुसरीला मीटरही लागत नाही. सकाळी इंजिन गार असताना बोनेट उघडा आणि डायनॅमोच्या अंगाला हात लावून पाहा. रात्रभर उभ्या गाडीत तो कोमट लागला, तर तुमची बॅटरी कुठे जाते ते कळलं.

हेच निघालं तरी अख्खा नवा डायनॅमो लागेलच असं नाही. कार्बन, बेअरिंग, कट-आउट (व्होल्टेज आवरणारा भाग), डायोड प्लेट हे बऱ्याच डायनॅमोत सुटं मिळतं आणि चांगला कारागीर ते बदलून देतो. मात्र आतली वाइंडिंग जळून काळी पडली असेल तर डागडुजीत पैसे घालू नका. आणि हे सगळं करण्याआधी पट्टा आणि त्याचा टेन्शनर बघा. सैल पट्ट्यावर डायनॅमो पुरेसा फिरतच नाही. मग तो नवा असो की जुना.

अर्थिंगबद्दल जरा जास्त बोलतो, कारण याच बाबतीत मी स्वतः तोंडावर आपटलोय. एक गाडी आली होती, लक्षणं जवळपास तुमच्यासारखीच. सेल्फ रडत फिरायचा, दिवे मधूनच मंद व्हायचे. मी डायनॅमो बदलला. तीन दिवसांनी गाडी परत दारात. मग शांत बसून मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, दुसरी थेट इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायला सांगितला. तिथे ०.२ व्होल्टच्या आत काहीतरी दिसायला हवं होतं, दिसलं पावणेदोन व्होल्ट. इंजिनपासून बॉडीला जाणारी विणलेली तांब्याची पट्टी वरून धड दिसत होती. बोल्ट काढला तर खाली हिरवट भुगा, आणि अर्ध्या तारा बोटाने मोडून आल्या. पट्टी बदलली, जागा घासून चकचकीत केली, गाडी ठणठणीत. डायनॅमोचे पैसे मी परत केले. तो उतरवलेला डायनॅमो नंतर बेंचवर चढवून पाहिला, त्याला काहीही झालेलं नव्हतं.

एवढ्याशा गंजाने इतका फरक कसा पडतो, याचा हिशेब सोपा आहे. सेल्फ दीडशे अँपिअर सहज ओढतो. वाटेत फक्त ०.०२ ओहम अडथळा आला तरी दीडशे गुणिले ०.०२, म्हणजे ३ व्होल्ट तिथेच जळून जातात. बारातले तीन गेल्यावर सेल्फने फिरावं तरी कशावर? आणि हा अडथळा मीटरच्या ओहम रेंजवर पकडायला गेलात तर हाती लागत नाही, कारण ती रेंज नाममात्र करंटवर तपासते. भार चालू ठेवून व्होल्टेज कुठे गळतंय हे बघावं लागतं. पॉझिटिव्ह बाजूलाही तेच: बॅटरीपासून सेल्फपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नको. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. तुमच्या गॅरेजने ती केली का, एवढं जरूर विचारा.

चार्जिंग आणि अर्थिंग दोन्ही ठीक निघालं, तर पाळी येते बंद गाडीत चोरून खाल्ल्या जाणाऱ्या करंटची. इथे बहुतेक घाई नडते. गाडी लॉक केल्यावर तिची मॉड्यूल लगेच झोपत नाहीत. काहींना पाच मिनिटं लागतात, काहींना अर्धा-पाऊण तास. त्याआधी मोजलं तर कुठल्याही धडधाकट गाडीत दोष दिसेल. मी बोनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करतो, म्हणजे गाडीला बोनेट लागलंय असं वाटतं. किल्ली लांब ठेवतो, आणि निगेटिव्ह केबलवर मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर लावून दुसऱ्या कामाला लागतो. झोपलेल्या गाडीने ५० मिलिअँपिअरच्या आत खावं, असा साधारण संकेत आहे.

अशीच एक गाडी आठवते, चार महिन्यांत तिसरी बॅटरी घालून आलेली. मालक ती फक्त सुट्टीच्या दिवशी काढायचे. पाऊण तासाने मीटर ०.४५ अँपिअरवर स्थिर. अशा वेळी फ्यूज एकेक उपटत बसायचं नसतं, त्याने झोपलेली मॉड्यूल पुन्हा जागी होतात. फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मिलिव्होल्ट मोजले की कुठल्या फ्यूजमधून करंट जातोय ते कळतं. आतल्या दिव्यांच्या फ्यूजवर आकडा हलला. छताचा दिवा बंद, डिक्कीचा बंद. ग्लोव्ह बॉक्स उघडला तर दिवा चालू. पण उघडल्यावर तो चालू असणारच. म्हणून बल्बला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं, चांगलाच तापलेला होता. कप्प्यात कागद इतके कोंबलेले की झाकणाच्या दाबाचा स्विच तुटून आत गेला होता. खात्री करायला फोन व्हिडिओवर टाकून कप्प्यात ठेवला आणि झाकण लावलं. व्हिडिओभर लख्ख उजेड. पाच वॅटचा बल्ब, म्हणजे ०.४२ अँपिअर, दिवसाला दहा अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन-सव्वादोन दिवसांत निम्मी. त्या स्विचची किंमत शोधायच्या मजुरीच्या पासंगालाही पुरणारी नव्हती, आणि मालकांनी तोवर तीन बॅटऱ्यांचे पैसे मोजले होते.

त्यावरून आठवलं. तुमची नवी बॅटरीही आता पूर्ण उतरून बसली आहे. लेड-ॲसिड बॅटरी अशी तळापर्यंत उतरली की तिच्या प्लेटवर सल्फेट धरतं, आणि तशीच ठेवली तर ते कायमचं बसतं. तिला चार्जरवर सावकाश पूर्ण भरून घ्या. उतरलेली बॅटरी गाडी चालवूनच भरायची म्हटलं तर डायनॅमोवर उगाच ताण येतो. भरल्यावर लोड टेस्ट, म्हणजे भार देऊन तपासणी, करून घ्या. नापास झाली तर हमीची मुदत बघा, पण मूळ दोष सापडेपर्यंत बदली बॅटरी लावू नका, तिचीही तीच गत होईल.

आता हार्नेस आणि मॉड्यूल. स्कॅनरवर कोड (गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक) आला म्हणून भाग बदलायचा, ही पद्धत इथे सगळ्यात महागात पडते. पी०५६२ हा कोड फक्त एवढंच सांगतो की व्होल्टेज कमी आहे. यू०१०० म्हणजे इंजिनच्या कंप्युटरशी बोलणं तुटलंय. का तुटलं, ते कोड सांगत नाही. बॅटरी उतरतानाही असे कोड साठतात. म्हणून आधी कोड लिहून ठेवायचे, पुसायचे, बॅटरी पूर्ण भरायची आणि मग कुठले परत येतात ते बघायचं. तुमच्या गाडीतले अर्धे कोड तिथेच गळाले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

पूर्वी प्रत्येक स्विचपासून प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी वायर असायची. १९८६ मध्ये बॉशने कॅन ही पद्धत मांडली, तिच्यात मॉड्यूल दोन पिळलेल्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात. तिची एक सोपी परीक्षा आहे. बॅटरीची केबल काढून त्या दोन वायरींमध्ये ओहम मोजले तर बहुतेक गाड्यांत ६० च्या आसपास येतात, कारण दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी कुठेतरी चिकटल्यात. हार्नेस बदलायला सांगणाऱ्याने निदान एवढा आकडा तरी तुम्हाला दाखवायला हवा. आणि दोष सापडला तरी तो बहुधा वीतभर वायरीत असतो: एखाद्या बिजागरीपाशी तुटलेली, धातूवर घासलेली, कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीत) हिरवी पडलेली. तेवढी वायर नीट सोल्डर किंवा क्रिंप करून, वर स्लीव्ह चढवून दुरुस्त होते. गाडी पाण्यात बुडाली असेल किंवा वायरिंग जळालं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे अख्खं हार्नेस मीही सुचवतो.

मॉड्यूलवर शिक्का मारण्याआधी त्याला करंट मिळतोय का, अर्थ मिळतोय का आणि निरोप पोचतोय का, हे बघावं लागतं. तिन्ही असून ते काम करत नसेल तरच ते गेलं. शिवाय बऱ्याच गाड्यांत नवं मॉड्यूल त्या गाडीला कोड करावं लागतं, जुन्या गाडीतून काढलेलं तर सरळ बसवून चालतच नाही. त्या कोडिंगचा खर्च एस्टिमेटमध्ये धरलाय का, तेही विचारा.

पैशाचं बोलणं कसं करायचं? गॅरेजला सांगा की आधी फक्त निदान हवंय, त्याची मजुरी वेगळी देतो. यात लोक कचरतात, नुसतं बघायचे कसले पैसे म्हणून. पण शोधण्यात अर्धा दिवस जाऊ शकतो, आणि त्याचे पैसे मिळत नसतील तर कारागीर ते भाग विकूनच काढणार. मी त्याच धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट लिहितोय. कधी सापडतो, कधी सापडत नाही असा दोष असेल तर वेळेची मर्यादा घाला: इतके तास शोधा, नाही सापडलं तर थांबून फोन करा. निदानाच्या कागदावर आकडे लिहून मागा. काम एका वेळी एकच, आणि प्रत्येकानंतर पुन्हा मोजणी. काढलेले भाग परत मागा. असं म्हटल्यावर कुणी चिडलं, तर गाडी दुसरीकडे दाखवा.

स्वतः हात घालणार असाल तर थोडं जपून. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल कधीच काढू नका. डायनॅमो चालतो का हे बघायची ती जुनी पद्धत आजच्या गाडीत मॉड्यूल मारते, त्या क्षणी व्होल्टेज शंभराच्या घरातही उसळू शकतं. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा घालू नका. दहाच्या लाल फ्यूजच्या जागी वीसचा पिवळा घातला की फ्यूजच्या ऐवजी वायर जळते. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरना टेस्ट लॅम्प लावू नका. आणि वायरीतून वास किंवा धूर येत असेल तर तपासणी वगैरे सोडा, निगेटिव्ह काढा आणि गाडी ओढून न्या.

विकायचं का, हे या सगळ्यानंतर. पट्टी, स्विच, डायनॅमोची दुरुस्ती, असं काही निघालं तर प्रश्नच मिटला. खरंच तिन्ही गेलं असेल, तर त्या खर्चाची तुलना गाडीच्या आजच्या किमतीशी करू नका. तेवढ्या पैशांत याहून बरी गाडी मिळणार आहे का, आणि तिचा इतिहास तुम्हाला माहीत असेल का, हे बघा. इंजिन-गिअरबॉक्स चांगले असतील तर मी स्वतः दुरुस्ती करीन. पाणी शिरलेलं असेल तर मात्र करणार नाही. त्या गाडीत आज एक कपलर हिरवा निघतो, चार महिन्यांनी दुसरा, आणि कुठलाही प्रामाणिक कारागीर शेवटचा कुठला ते सांगू शकत नाही.

उद्या सकाळी ते तीन आकडे आणि बॅटरीवरचा एसी आकडा घेऊन इथे लिहा. डायनॅमो कोमट लागला का, तेही. आणि पुढच्या सीटखालचा गालिचा उचलून हात फिरवा. ओला लागला तर आकड्यांच्या आधी ते कळवा.